पुसलं नाही, बाजूला ठेवलं

आमच्या कॉलेजात कुठलीही वस्तू घ्यायची झाली की प्राचार्यांचा पहिला प्रश्न असायचा, केवढ्याला? आणि उत्तर 'फुकट' असलं की दुसरा प्रश्न नसायचा. मेलचा तो प्रोग्रॅम असाच आमच्या कार्यालयात आला. त्याचे गुण कोणी विचारले नाहीत, मग दोष कोण विचारणार? मी तिथला हेडक्लार्क. वर्षानुवर्षं तो एकट्याने वापरला, तेव्हा त्याच्याविषयी बरंवाईट बोलायचा हक्क माझाच आहे. पण त्याचं सांगायला बसलो की माझंही सांगावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळत आलो.

कॉलेज बीड जिल्ह्यातलं, अनुदानित, हमरस्त्यापासून जरा आत. लाइट जायची, लाइट आली की नेट जायचं, आणि दोन्ही असले की बीडच्या वरच्या कार्यालयाची मेलपेटी भरलेली असायची. सगळा पत्रव्यवहार मेलवर आला तेव्हा मी अक्षरशः रडकुंडीला आलो होतो. एक पत्र उघडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात शिपायाला सायकलवर पाठवून हाती पत्र आणवलं असतं. शेवटी माझा शाळेतला दोस्त मदतीला आला. बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात कायम 'बे'. कॉम्प्युटरचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून तो शिकला होता.

"फुकट हाय, आन् चोरीचा न्हाई," तो म्हणाला. "जगातली कुटकुटली माणसं मिळून लिवतात. कुणाला आत बघायचं आसंल तर बगू देतात. तुज्या हाफिसात आसं काई हाय का बे, की आत कुणीबी बगावं?"

आमच्या हाफिसात तसं काही नव्हतं. मी हसलो आणि त्याला प्रोग्रॅम टाकू दिला.

खरं सांगायचं तर तो प्रोग्रॅम गुणी होता. नेट असताना सगळे मेल खाली उतरवून घ्यायचा. मग लाइनमन खांबावर चढून काहीही करो, माझी पत्रं माझ्या मशीनवर असायची. कॉलेजचा, परीक्षा विभागाचा आणि शिष्यवृत्तीचा असे तीन मेल एकाच खिडकीत दिसायचे. जाहिरात नाही, शेजारी कोणी नाचत नाही. मी वर्षवार कप्पे केले, त्यात विषयवार कप्पे केले. शोधायला एक शब्द टाकला की चार वर्षांपूर्वीचं पत्र समोर. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मागितलेलं पत्र मी त्यांचा चहा गार व्हायच्या आत काढून दिलं, तेव्हा ते प्राचार्यांना म्हणाले की असा माणूस आमच्याकडे पाहिजे होता. ती फुशारकी मी पुढे कित्येक महिने मिरवली.

दोषही होते. अडलं तर फोन कोणाला करायचा? कोणालाच नाही. तुम्ही आणि तुमचं नशीब. अधूनमधून तो स्वतःला नवा करून घ्यायचा आणि सकाळी उघडावं तर ओळखीचं बटण जागेवर नसायचं. पत्रं वाढली तसा जड झाला. उघडायला सांगून मी हात धुऊन यायचो. नेटवरची आमची मेलपेटी सारखी भरायची म्हणून दोस्ताने अशी सोय केली होती की पत्र मशीनवर उतरलं की नेटवरून पुसलं जावं. म्हणजे पत्र फक्त माझ्या मशीनवर, दुसऱ्या कोणाला कुठेही दिसायचं नाही. तेव्हा मला तो दोष वाटला नाही. आपल्याशिवाय कुणाचं चालत नाही, ही गोष्ट कोणत्या हेडक्लार्कला आवडत नाही?

आणि त्याच्यात जंक नावाचा एक कप्पा होता. लॉटरी लागली, कर्ज घ्या, असले मेल आपण जंक म्हणून दाखवायचे. मग तो शिकायचा आणि तसले पुढचे मेल आपणहून तिकडे टाकायचा. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, असं दोस्त म्हणायचा. "तू शिकवशील तसा शिकतो," तो म्हणाला होता. मी त्याला काय शिकवलं ते आता सांगतो.

वरच्या कार्यालयाची एक पद्धत होती. एकच पत्र सहा वेळा पाठवायचं. आधी पत्र, मग स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, मग 'अत्यंत तातडीचे', मग 'अंतिम', आणि माहिती पाठवून झाल्यावर दोन दिवसांनी पुन्हा 'अंतिम'. त्यात आमच्या प्राचार्यांची पद्धत वेगळी. रोज संध्याकाळी घरी जाताना ते माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि समोरच्या कप्प्यात पडून असलेल्या मेलचा आकडा बघायचे. शून्य असला तर 'हं' म्हणून जायचे. शून्य नसला तर सगळ्या स्टाफसमोर, शिपायांसमोर सुद्धा, माझा उद्धार व्हायचा. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होतो, पण तो मुद्दा तिथे काढता येत नव्हता.

मग ती स्मरणपत्रं पुसून का टाकत नव्हतो? कारण सरकारी कागद पुसायचा नाही, फाडायचा नाही, फेकायचा नाही, ही गोष्ट आमच्या हाडीमाशी भिनलेली. आमच्या कार्यालयात कपाटांवर गठ्ठे आहेत, गठ्ठ्यांवर गठ्ठे आहेत, आत काय आहे हे कुणाला माहीत नाही, पण ते फेकायची हिंमत आजवर एकाही माणसाची झालेली नाही. नको असलेला कागद फेकत नाहीत, बाजूला ठेवतात. मीही तेच केलं. मेल पुसायला हात धजेना, तर जंकमध्ये टाकत गेलो. एक बटण दाबलं की पत्र समोरून जायचं आणि तरी कुठेतरी असायचं. पुसलं नाही, बाजूला ठेवलं. प्राचार्य यायच्या आत पाच मिनिटं मी ते बटण दाबत बसायचो. आकडा शून्य व्हायचा, 'हं' व्हायचं आणि मी घरी जायचो.

मशीन हळू झालं तेव्हा दोस्ताने विचारलं होतं, "जंकमदलं म्हयन्यानं आपोआप काडून टाकू का बे?" मी कसलासा तक्ता भरत होतो. वर न बघताच 'टाक' म्हणालो.

तिकडे तो प्रोग्रॅम गुणी विद्यार्थ्यासारखा शिकत होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'तात्काळ सादर करावे', 'अन्यथा आपणास जबाबदार धरण्यात येईल', असलं ज्यात असेल तो कचरा, असं मी त्याला रोज संध्याकाळी पाच मिनिटं शिकवत होतो. एकदा शिष्यवृत्तीचं एक परिपत्रक जंकमध्ये सापडलं. मी ते बाहेर काढलं, 'वेडं आहे' म्हणालो आणि चहाला गेलो. तेव्हाच डोळे उघडायला हवे होते. उघडले नाहीत.

आता वहिनींचं सांगतो. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता, आष्टीकडचा, माझ्या हाताखाली आठ वर्षं. छातीत कळ आली आणि बीडला नेईपर्यंत गेला. त्याच्या बायकोने अनुकंपा नोकरीसाठी अर्ज केला. म्हणजे नवरा नोकरीत असताना गेला की त्याच्या घरातल्या एकाला शिपाई-कारकून काही तरी म्हणून घेतात, तो अर्ज. अर्ज मीच लिहिला. कागद मीच जोडले. दहाव्याच्या दिवशी मी तिला सांगितलं होतं, वहिनी, मला भाऊ समजा. ती त्या दिवसापासून मला भाऊ म्हणायला लागली.

नाव यादीत लागलं. यादी म्हणजे नुसती वाट बघणं. तिला चार वर्षं झाली. आणि त्या यादीचा एक नियम फार वाईट: पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की नाव कमी. वहिनींना पंचेचाळिसावं लागलं होतं. तोवर ती लोकांच्या शेतात खुरपायला जायची, कुणाच्या लग्नकार्यात पोळ्या लाटायची, आणि दर सोमवारी कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहायची. आत यायची नाही.

"भाऊ, आलं का हो काई?"

मी तिच्यासमोर शोधायच्या चौकटीत 'अनुकंपा' टाकायचो. तिचा जुना अर्ज यायचा, यादीचं पत्र यायचं, नवीन काही यायचं नाही. मी मशीन तिच्याकडे वळवून दाखवायचो सुद्धा. "बघा वहिनी, नाही. आलं की मी स्वतः घरी येईन."

त्या शोधायच्या चौकटीची गंमत मला फार उशिरा कळली. ती सगळीकडे शोधते, फक्त जंकमध्ये शोधत नाही. कचऱ्यात कोण कशाला शोधेल, असा तिचा साधा हिशेब.

दिवाळीच्या आधी वहिनींना पंचेचाळीस पूर्ण झाली. पुढच्या सोमवारी ती आली नाही. ती एसटीने एकटीच बीडला वरच्या कार्यालयात गेली होती. तिथल्या कारकुनाने तिला एक प्रिंट काढून दिली आणि ती घेऊन ती माझ्याकडे आली. या वेळी आत आली, माझ्या टेबलापर्यंत. पत्र माझ्या कॉलेजच्या मेलवर पाठवलेलं होतं, उन्हाळ्यात. जागा रिकामी आहे, उमेदवाराची संमती आणि मूळ कागद पंधरा दिवसांत सादर करावेत, अन्यथा उमेदवार इच्छुक नाही असे गृहीत धरण्यात येईल.

"भाऊ, ते म्हंतात कालेजला पाटवलं. तुमाला तर आलं न्हाई ना?"

"नाही आलं," मी म्हणालो. ते म्हणताना मला ते खरंच वाटत होतं, एवढं तरी लिहून ठेवतो.

"तितला मानूस चांगला हाय. तो म्हनला, कालेजनं लिवून द्यावं की पत्र आलतं, पन आमच्या चुकीनं बाईला कळवायचं राहिलं. मग ते वर पाटवत्याल. चूक बाईची न्हाई आसं दिसलं तर फेरविचार व्हतो म्हनला." तिने प्रिंटची घडी घातली. मग म्हणाली, "पन आलंच न्हाई तर तुमी कसं लिवनार?"

ती गेल्यावर मी दोस्ताला बोलावलं. जंक बघितला, त्यात फक्त महिनाभरातलं होतं. उन्हाळ्यातलं काहीच नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, तर तो म्हणाला, "थांब बे. पुसलं म्हंजी फकस्त दिसत न्हाई. फायलीत पडून ऱ्हातं. जागा मोकळी कर आसं आपून म्हनंस्तोवर ह्यो काई फेकीत न्हाई." म्हणजे तोही आमच्यातलाच निघाला, पुसायचं नाही, बाजूला ठेवायचं.

त्याने जंकची फाइल साध्या लिहायच्या खिडकीत उघडली. मजकूर सगळा इंग्रजी अक्षरांची गिचमिड, पण पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ स्वच्छ वाचता येत होतं. वरच्या कार्यालयाचा पत्ता, प्रिंटवरची तारीख. पाठवल्यानंतर चार मिनिटांत ते माझ्या मशीनवर उतरलं होतं. दोस्ताने तेवढा तुकडा वेगळा करून उघडला आणि पत्र समोर आलं, शिक्क्यासकट, वहिनींच्या नावासकट. मी ते पत्र एकदाही उघडलेलं नव्हतं. शिकवल्याप्रमाणे प्रोग्रॅमनेच ते बाजूला टाकलं होतं. वहिनी दारात उभी राहून विचारायची आणि मी मशीन वळवून दाखवायचो, त्यातल्या निदान चार सोमवारी ते पत्र जंकमध्ये होतं. एक क्लिक केला असता तर दिसलं असतं.

"हे बेस झालं," दोस्त म्हणाला. "आता खरं लिव. तुला एक नोटीस येईल, बाईला नोकरी लागंल." तो पेनड्राइव्हवर घेऊ का म्हणाला. मी म्हणालो, राहू दे, मी घेतो. दुसऱ्या दिवशी तो कपिलधारच्या यात्रेला निघून गेला.

मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, हे विशेष. "तुमची किती राहिली?" त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मी म्हणालो. "आलं होतं असं लिहिलं तर चौकशी लागेल. चौकशी चालू असली की पेन्शनचे कागद पुढे सरकत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्राप्त झालं नाही असं लिहिलं तर विषय संपतो. बाईंचं वाईट वाटतं, पण तुम्ही विचार करा."

त्यांनी धाक घातला नाही. विचार करा म्हणाले, आणि मी विचार केला. सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं.

पत्राचा मसुदा मीच केला. तीस वर्षं मसुदे केले, त्यातला तो सगळ्यात देखणा. 'महाविद्यालयात वापरात असलेल्या मोफत संगणक प्रणालीतील तांत्रिक दोषामुळे सदर ई-मेल या कार्यालयास प्राप्त होऊ शकला नाही.' कुठेकुठे बसून, एक पैसा न घेता ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला, त्यांच्या नावावर मी माझी चूक लावली. ती माणसं काही खुलासा द्यायला बीडला येणार नव्हती. प्राचार्यांनी सही केली. मी जावक नंबर टाकला.

आता मशीनवरचा पुरावा तेवढा उरला होता. तो प्रोग्रॅम आठ-पंधरा दिवसांनी एक चौकट दाखवायचा: जुन्या पुसलेल्या पत्रांची जागा मोकळी करू का? मी नेहमी 'नाही' म्हणायचो, उगाच कशाला विषाची परीक्षा. त्या आठवड्यात ती चौकट आपणहून आली नाही. मी मेनूत जाऊन शोधून काढली आणि 'हो' म्हणालो. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी कागद नष्ट केला आणि तो नेमका हा.

दोस्त यात्रेहून प्रसाद घेऊन आला. माझ्या टेबलावर पुडी ठेवली आणि मशीनपुढे बसला. फाइल उघडून बघितली. उन्हाळ्यातलं पत्र त्यात नव्हतं. मग वळून एवढंच म्हणाला, "कावून पुसलंस बे?"

मी पेन्शनचं सांगायला लागलो. तो उठून गेला. त्यानंतर दुकानात गेलो की झेरॉक्स काढून द्यायचा, किती पानं ते सांगायचा, आणि मला 'तुमी' म्हणायचा.

वरून उत्तर आलं. हा मेल मात्र जंकमध्ये गेला नाही, ठळक अक्षरात पहिल्या ओळीला बसला होता. पत्र पाठवल्याची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आहे, विहित वयोमर्यादा पूर्ण झालेली आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही. मी शब्द दिल्याप्रमाणे स्वतः वहिनींच्या घरी जाऊन ते वाचून दाखवलं. तिने पाणी दिलं. रडली नाही. "मशिनीलाच दगा द्यायचा व्हता, तुमी तरी काय करनार," म्हणाली. मीच तिथे रडलो, आणि तिला वाटलं मी तिच्यासाठी रडतोय.

पुढे कॉलेजात झाडलोटीचं काम ठेकेदाराकडे गेलं तेव्हा मी शब्द टाकून तिला रोजंदारीवर लावलं. सगळे म्हणाले, माणूस मनाचा मोठा. शेवटचं दीड वर्ष ती रोज सकाळी माझ्या टेबलाखालून केरसुणी फिरवायची. नवा मेल आल्याची घंटी वाजली की ती मान वर करून म्हणायची, "भाऊ, आलं बगा काईतरी." रोज ठरवायचो की आज सांगू. पेन्शन मंजूर झाल्यावर सांगू, असंही ठरवलं. मंजूर झाली. तेव्हा वाटलं, आता सांगून तिला काय मिळणार? माझ्यासारख्यांना असला विचार ऐन वेळी बरोबर सुचतो.

निरोपसमारंभ सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण. कार्यालय संगणकीकृत करण्यात माझा सिंहाचा वाटा होता, असं ते म्हणाले. दोस्ताला आमंत्रण होतं, तो आला नाही. सगळ्यांची भाषणं संपली तेव्हा मागच्या रांगेतून वहिनी उभी राहिली आणि मला बी बोलायचं हाय म्हणाली. लोकांनी कौतुकाने तिला पुढे आणलं. माइक तिच्या तोंडाहून उंच होता, कुणीतरी वाकवून दिला.

"मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "पन माजं मानूस गेल्यावर ह्या भावानं माज्यासाटी लई केलं. दर सोमवारी माज्यासमोर मशीन उगडून बगायचे. नोकरी माज्या नशिबात नव्हती, पन भाऊ माज्याशी कदी खोटं बोलले न्हाईत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यही वाजवत होते, माझ्याकडे न बघता. तिने पुढे येऊन माझ्या पायाला हात लावला, आणि मी तो लावू दिला.